पुरातन लेस-बॉबिनांचा संग्रह: पारख, खरेदी आणि जपणूक

इंग्लंडच्या मध्यभागातील बेडफर्डशायर, बकिंगहॅमशायर आणि नॉर्थॅम्प्टनशायर या परगण्यांत अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत हजारो बायका आणि मुले उशीवर लेस विणून घराला हातभार लावत असत. पाच-सहा वर्षांच्या मुलींना लेसच्या शाळेत घातले जाई आणि तिथे त्यांचा दिवस उशीपुढे सरे. जॉन हीथकोट यांनी १८०८-०९ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रावर लेसची जाळी विणता येऊ लागली, पुढे यंत्रे नक्षीही काढू लागली आणि हातलेसचा भाव उतरत गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून ही कला जवळजवळ संपली. मागे राहिल्या त्या लेसचा दोरा गुंडाळायच्या बॉबिन: बोटभर लांबीच्या, लेथवर कातलेल्या, हाडाच्या किंवा लाकडाच्या, शेपटाला मण्यांचे वळे लटकवलेल्या.

मिल्टन कीन्स, बेडफर्ड आणि ल्यूटन या शहरांत आज अनेक मराठी कुटुंबे राहतात आणि ही शहरे नेमकी या जुन्या लेसप्रदेशात येतात. मीही याच भागात राहून बॉबिन जमवू लागले. नव्याने या छंदाकडे वळणारे बहुतेक जण बॉबिन हातात आली की सर्वांत आधी तिच्यावर काही नाव किंवा साल कोरले आहे का, हे पाहतात. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. आधी आकार, मग साहित्य, मग घडण आणि मणी, मग झीज, आणि अक्षरे सर्वांत शेवटी. नकली माल तयार करणाऱ्याला अक्षरे कोरणे सर्वांत सोपे असते आणि खरेदीदाराचा पैसाही अक्षरांवरच जास्त जातो, म्हणून हा क्रम पाळणे महत्त्वाचे आहे. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

१. बॉबिन नेमके काय काम करते, ते आधी समजून घ्या

बॉबिन-लेसमध्ये सुई नसते. घट्ट भरलेल्या उशीवर नक्षीचा कागद टाचलेला असतो, त्यावरच्या छिद्रांत टाचण्या रोवतात आणि दोऱ्यांच्या जोड्या एकमेकींवरून फिरवत, पिळत विणकाम पुढे नेतात. प्रत्येक दोऱ्याचे टोक एका बॉबिनवर गुंडाळलेले असते. साध्या पट्टीला काही डझन बॉबिन पुरतात, तर रुंद आणि बारीक कामाला शेकडो लागतात.

ईस्ट मिडलँड्स म्हणजे वर सांगितलेल्या परगण्यांतली बॉबिन साधारण नऊ ते दहा सेंटिमीटर लांब असते. वरच्या टोकाला डोके, त्याखाली आखूड मान, मग दोरा गुंडाळण्याची लांब मान, त्याखाली दांडा आणि शेवटी शेपटाला एक आडवे छिद्र अशी तिची रचना असते. आखूड मानेत दोऱ्याची एक अढी घालतात, त्यामुळे बॉबिन लोंबकळत असतानाही दोरा आपोआप सुटत नाही. शेपटाच्या छिद्रातून पितळी तार ओवून तिच्यात मणी घालतात. या मण्यांच्या वळ्याला स्पँगल म्हणतात. स्पँगलच्या वजनाने दोऱ्याला ताण मिळतो आणि बॉबिन उशीवर गडगडत नाही.

ही रचना पाठ झाली की एक मोठा सापळा टळतो. ऑनलाइन लिलावांत ‘पुरातन लेस बॉबिन’ या नावाखाली सुतगिरण्यांतली मोठी लाकडी रिळे, शिवणयंत्राच्या बॉबिन आणि टॅटिंगची, म्हणजे गाठी घालून करायच्या लेसची, शटल सर्रास विकायला ठेवलेली असतात. ज्या वस्तूला डोके, मान आणि दांडा नाही, ती हातलेसची बॉबिन नव्हे, मग वर्णनात काहीही लिहिलेले असो.

२. साधने आणि कागदपत्रे जवळ ठेवा

साधनांवर फार खर्च करावा लागत नाही. एवढ्या वस्तू पुरेशा आहेत:

- दहापट मोठे दाखवणारे, जव्हेरी वापरतात तसे भिंग
- मिलिमीटरपर्यंत मोजणारी पट्टी किंवा व्हर्नियर कॅलिपर
- बारीक झोताची छोटी विजेरी
- एक ग्रॅमपर्यंत अचूक असा छोटा वजनकाटा
- मऊ ब्रश आणि सुती हातमोजे
- नोंदवही, शिसपेन्सिल आणि आम्लविरहित कागदाच्या पिशव्या

कागदपत्रांमध्ये प्रत्येक खरेदीची पावती, विक्रेत्याने दिलेले लेखी वर्णन, लिलावातील वस्तूचा क्रमांक आणि वस्तू आधी कोणत्या घरातून आली याबद्दल विक्रेत्याने सांगितलेली माहिती यांचा समावेश असावा. तोंडी सांगितलेली हकिकत त्याच दिवशी लिहून ठेवा आणि ती कोणी सांगितली तेही लिहा. भारतात पार्सलने वस्तू मागवत असाल तर सीमाशुल्काची कागदपत्रेही जपून ठेवा. त्यांचे कारण नवव्या पायरीत सांगितले आहे.

३. आकारावरून प्रदेश ठरवा

इंग्लंडमध्येच बॉबिनांचे अनेक घाट आहेत आणि आकार पाहून प्रदेशाचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

डेव्हन परगण्यातील हॉनिटन लेसच्या बॉबिन हलक्या, गुळगुळीत आणि शेपटाला निमुळत्या असतात. त्या लेसमध्ये विणलेल्या भागाच्या फासातून अख्खी बॉबिन ओवून काढावी लागते, त्यामुळे तिला मणी लावणे शक्यच नसते. सॉल्झबरीजवळच्या डाउनटन गावातल्या बॉबिनही बिनमण्यांच्याच, पण त्यांचे टोक बोथट असते. दक्षिण बकिंगहॅमशायरमध्ये जाड, बिनमण्यांच्या लाकडी बॉबिन वापरात होत्या. संग्राहक त्यांना ‘थंपर’ म्हणतात. बेल्जियम, फ्रान्स आणि युरोपातील इतर भागांतल्या बॉबिनांना बहुधा शेपटाकडे गोलसर फुगवटा असतो आणि त्या फुगवट्यातूनच वजन मिळते.

म्हणून एखाद्या बॉबिनला मणी नाहीत एवढ्यावरून ‘मणी हरवले’ असे मानू नका. शेपटाला छिद्र आहे का ते पाहा. छिद्र नसेल तर मणी कधी नव्हतेच. याच्या उलटही घडते: बिनमण्यांच्या साध्या युरोपीय बॉबिनला नवे छिद्र पाडून, नवे मणी ओवून ती इंग्लिश म्हणून विकली जाते. अशा छिद्राच्या कडा भिंगातून तीक्ष्ण आणि फिकट दिसतात.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकात मिशनरी कुटुंबांनी दक्षिणेत नागरकोइल आणि इडैयनकुडी या भागांत उशीवरची लेस शिकवली आणि ती तिथे चांगली रुजली. त्यामुळे भारतातल्या जुन्या सामानात लेसची उशी किंवा बॉबिन सापडणे अशक्य नाही. अशी वस्तू मिळाली तर तिला घाईने इंग्लंडचे लेबल लावू नका; ती कुठून आली याची माहिती आकारापेक्षाही मोलाची ठरेल.

पुढचे सारे विवेचन ईस्ट मिडलँड्सच्या बॉबिनांपुरते आहे, कारण त्या सर्वांत जास्त प्रमाणात मिळतात आणि त्यांच्यात वैविध्यही सर्वांत जास्त आहे.

४. साहित्य ओळखा: लाकूड, हाड की आणखी काही

लाकडी बॉबिनांसाठी प्लम, चेरी, सफरचंद अशा फळझाडांचे, तसेच मेपल, बॉक्स, यू अशा झाडांचे घट्ट लाकूड वापरले जाई. लाकडाची जात केवळ डोळ्यांनी सांगता येईल अशी अपेक्षा ठेवू नका. विक्रेत्याने झाडाचे नाव छातीठोकपणे सांगितले, तरी नोंदवहीत ‘गडद, घट्ट लाकूड’ एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे.

हाडाच्या बॉबिन बहुतांशी गुरांच्या पायांच्या हाडांपासून केलेल्या असतात. हाडात रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म नळ्या असतात. भिंगातून त्या दांड्यावर बारीक गडद रेघांसारख्या आणि टोकांवर ठिपक्यांसारख्या दिसतात. जुन्या हाडाला मधाळ पिवळी झाक येते. काही बॉबिन लाल, हिरव्या, निळ्या किंवा जांभळ्या रंगात रंगवलेल्या असत आणि आता तो रंग फिकट, विटका झालेला दिसतो.

हस्तिदंताची बॉबिन अत्यंत दुर्मीळ आहे, मात्र ‘हस्तिदंती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बॉबिनांची संख्या मोठी आहे. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेषांची जाळी दिसते आणि हाडातल्या नळ्यांचे ठिपके त्यात नसतात. वर्णनात हस्तिदंत लिहिले असेल आणि फोटोत गडद ठिपके दिसत असतील, तर ते हाड आहे. प्लास्टिक किंवा रेझिनच्या नकला वजनाला हलक्या असतात, त्यांत कुठेच रेघ दिसत नाही आणि बरेचदा कडेने साच्याची शिवण सापडते. तापवलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला काही जण देतात. तो कृपया पाळू नका. ती चाचणी वस्तूवर कायमची खूण सोडते, आणि जे भिंगाने कळते त्यासाठी वस्तू जाळण्याचे कारण नाही.

हाडाची म्हणजे जुनीच, असाही समज करून घेऊ नका. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये हातलेसचा छंद पुन्हा फुलला, १९७६ मध्ये लेस विणणाऱ्यांच्या ‘लेस गिल्ड’ या संस्थेची स्थापना झाली आणि तेव्हापासून अनेक कारागिरांनी हाडाच्या आणि लाकडाच्या उत्तम नव्या बॉबिन केल्या. त्या फसवण्यासाठी केलेल्या नव्हत्या. काहींवर कारागिराची आद्याक्षरेही असतात. पण हात बदलत बदलत त्यांतल्या काही आता ‘व्हिक्टोरियन’ म्हणून बाजारात येतात.

५. घडणीचे प्रकार शिका

या पायरीवर घाई करू नये, कारण बॉबिनांचे खरे सौंदर्य इथे आहे. पुढील नावे संग्राहकांच्या रोजच्या बोलण्यातली आहेत.

लाकडात खोबण्या करून त्यांत प्यूटर, म्हणजे कथिलाचा मिश्रधातू, ओतून नक्षी केलेल्या बॉबिनांचे तीन प्रमुख प्रकार आहेत. प्यूटरचे ठिपके असतील तर ‘लेपर्ड’, आडवे पट्टे असतील तर ‘टायगर’ आणि पंखांसारखा आकार असेल तर ‘बटरफ्लाय’. दांड्याभोवती प्यूटरच्या सुट्या, हलणाऱ्या कड्या असतील तर ती ‘ट्रॉली’ बॉबिन. लेसच्या नक्षीची कड उठून दिसावी म्हणून जो जाड दोरा घालतात, तो अशा बॉबिनवर गुंडाळत, म्हणजे शेकडो बॉबिनांच्या गर्दीतूनही ती चटकन हाताला लागे. मोठ्या, जाड लाकडी ‘याक’ बॉबिन लोकरीच्या लेससाठी वापरल्या जात.

दांडा पोखरून त्याला खिडक्या पाडल्या असतील तर ‘चर्च विंडो’. त्या खिडक्यांच्या आत इवलीशी बॉबिन सुटी हलत असेल तर ‘मदर अँड बेब’. दांडा मधोमध दोन भागांत उघडतो आणि आत छोटी बॉबिन जोडलेली निघते, ती ‘काऊ अँड काफ’. हा शेवटचा प्रकार विकत घेताना दोन्ही भाग मुळातच एकमेकांचे आहेत का ते नीट पाहा: सांध्यापाशी व्यास जुळतो का, लाकडाचा किंवा हाडाचा रंग सारखा आहे का आणि कातीव कड्यांची नक्षी सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकाच हाताची वाटते का. तुटलेल्या दोन बॉबिनांचे भाग जुळवून एक केलेली बॉबिन दुरून पूर्ण दिसते, पण तिच्या सांध्यात डिंकाची चमक किंवा धुळीची भरड रेघ असते.

दांड्याभोवती पितळी तार घट्ट गुंडाळलेल्या बॉबिनही पुष्कळ मिळतात. कधी त्या तारेत बारीक मणी ओवलेले असतात. तार एखाद्या ठिकाणी सुटली असेल तर किंमत कमी करून मागा, पण ती स्वतः पुन्हा गुंडाळू नका.

प्यूटर गळून गेलेल्या बॉबिन नवख्यांना फसवतात. लाकडातल्या खोबण्या रिकाम्या राहतात आणि विक्रेता त्यांनाच ‘कोरीव नक्षी’ म्हणतो. खोबणीच्या तळाशी विजेरी धरून पाहा. राखाडी पूड किंवा धातूचा चिकटलेला कण दिसला तर तिथे कधीकाळी प्यूटर होते. अशी बॉबिन घेऊ नये असे मी म्हणणार नाही, पण ती अपूर्ण म्हणूनच घ्यावी आणि नोंदवावी.

६. स्पँगलचे मणी एकेक करून तपासा

स्पँगलमध्ये बहुधा सात ते नऊ मणी असतात. अगदी खाली एक मोठा मणी आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जोडीने मणी चढत जातात. या मण्यांतला सर्वांत ओळखीचा प्रकार म्हणजे ‘स्क्वेअर कट’: गुलाबी, लाल किंवा पारदर्शक काचेचा चौकोनी मणी. नावात ‘कट’ असले तरी तो कापलेला नसतो. काच गरम आणि मऊ असताना तिच्या बाजू कानशीने दाबून चपट्या केल्या जात. भिंग लावून विजेरीचा झोत तिरका धरला की कानशीच्या दातांची बारीक जाळी त्या बाजूंवर उमटलेली दिसते. ही जाळी एकदा पाहिली की पुढे यंत्राने केलेला मणी ओळखायला क्षणभरही लागत नाही, कारण त्याच्या बाजू अगदी गुळगुळीत आणि कोपरे एकसारखे असतात.

राखाडी काचेवर पांढरे आणि लाल ठिपके असलेल्या मण्यांना ‘किटी फिशरचे डोळे’ म्हणतात. अठराव्या शतकातल्या लंडनमधील किटी फिशर या विख्यात सुंदरीचे नाव त्यांना मिळाले आहे. यांखेरीज व्हेनिसचे रंगीत मणी, शिंपले, बटणे, क्वचित एखादे नाणेसुद्धा स्पँगलमध्ये सापडते. लेसवाल्या बाईने घरातली जपलेली छोटी वस्तू तारेत ओवून ठेवलेली असे, आणि असे वैयक्तिक स्पँगल मला स्वतःला कोरीव नावाइतकेच प्रिय आहेत.

मण्यांवरून काळ ठरवताना मात्र सावध राहावे. तार तुटते, मणी फुटतात, आणि स्पँगल बदलणे हा बॉबिनच्या नेहमीच्या वापराचाच भाग होता. जुन्या दांड्यावर नंतरचे मणी असणे यात फसवणूक नाही. प्रश्न असतो तो मागच्या काही वर्षांत विक्रीसाठी चढवलेल्या नव्या मण्यांचा. तार पाहा: जुनी पितळी तार काळपट, कधी हिरवट झालेली आणि किंचित वेडीवाकडी असते, नवी तार सोनेरी चकाकते आणि तिचे टोक पक्कडीने कापल्यासारखे धारदार असते. मण्यांची छिद्रेही पाहा. तारेवर वर्षानुवर्षे घासलेल्या मण्याच्या छिद्राची कड बोथट झालेली असते.

७. झीज वाचा

माझ्या संग्रहातली एक हाडाची बॉबिन उदाहरणादाखल सांगते. तिचे डोके एका बाजूला किंचित चपटे झाले आहे. लांब मानेवर दोऱ्याने पाडलेल्या अगदी उथळ आडव्या खुणा आहेत. दांड्याच्या मध्यावर, जिथे अंगठा आणि बोट टेकते, तिथे हाड आरशासारखे गुळगुळीत आहे आणि कोरीव ठिपके जवळजवळ पुसट झाले आहेत. दांड्याच्या दोन्ही टोकांना मात्र तेच ठिपके खोल आणि रंगाने भरलेले आहेत. शेपटाचे छिद्र गोल राहिलेले नाही. तारेच्या ओढीने ते खालच्या बाजूला लांबट झाले आहे. एवढ्या खुणा एकमेकींशी जुळतात, तेव्हा ती बॉबिन बरीच वर्षे कामात होती, असे निःशंकपणे म्हणता येते.

झीज ओळखताना हाच जुळणारेपणा पाहायचा. अंगभर सारखाच पिवळा रंग, पण छिद्र अगदी गोल आणि मान कोरी असेल, तर तो रंग चहाच्या पाण्याचा किंवा तशाच एखाद्या उपायाचा असण्याची शक्यता आहे. खोटा पिवळेपणा खोबण्यांत जास्त गडद आणि उंचवट्यांवर सरसकट असतो, आणि बोटांनी आलेली चमक त्यात नसते. लाकडी बॉबिनची झीजही अशीच तपासा. तिथे कातीव कड्यांच्या धारा बोथट झाल्या आहेत का, हे सर्वांत उपयोगी पडते.

८. आता अक्षरे पाहा

इथवर सगळे पटले असेल, तरच अक्षरांकडे वळा. ईस्ट मिडलँड्सच्या कारागिरांनी अक्षरे बारीक टोचणीने पाडलेल्या ठिपक्यांनी लिहिली आणि ठिपक्यांत लाल, निळा, हिरवा किंवा काळा रंग भरला. काही मजकूर दांड्याभोवती वेटोळ्यासारखा फिरतो, काही उभा जातो. सर्वाधिक आढळतात ती साधी नावे: मेरी, ॲन, एलिझाबेथ. त्यानंतर ‘किस मी क्विक’ किंवा ‘लव्ह बाय द रिंग’ (प्रिये, अंगठी घे, अशा अर्थाचे) असे प्रेमाचे बोल, धार्मिक वचने, जन्म-मृत्यूच्या आणि विवाहाच्या तारखा. स्पेलिंगच्या चुका असतात आणि त्या असण्यात काही वावगे नाही. कारागीर आणि गिऱ्हाईक दोघांचेही शिक्षण तुटपुंजे असे.

सर्वांत चर्चेचा आणि सर्वांत जास्त नकली निघणारा प्रकार म्हणजे फाशीच्या बॉबिन. ल्यूटनच्या जोसेफ कॅसलला पत्नीच्या खुनाबद्दल १८६० मध्ये बेडफर्ड येथे फाशी झाली आणि ‘जोसेफ कॅसल हंग १८६०’ असे लिहिलेल्या बॉबिन निघाल्या. १८६८ मध्ये बेडफर्डला जाहीर फाशी गेलेला शेवटचा माणूस विल्यम वर्स्ली; त्याचेही नाव बॉबिनवर सापडते. अशा बॉबिनांना संग्राहक साध्या नावांपेक्षा पुष्कळ जास्त किंमत देतात. म्हणून एखादी जुनी कोरी बॉबिन घेऊन तिच्यावर नव्याने असा मजकूर पाडण्याचा मोह काहींना होतो.

तो ओळखण्याचा मार्ग ठिपक्यांतूनच जातो. खऱ्या मजकुरात झीज आणि ठिपके यांचे वय एक असते: जिथे दांडा गुळगुळीत झाला आहे तिथे ठिपकेही उथळ झालेले असतात. नव्याने पाडलेले ठिपके त्या चमकदार जागेतही इतर ठिकाणांइतकेच खोल असतात आणि जुना तडा त्यांच्या आधी पडलेला दिसतो, म्हणजे ठिपका तड्यावर चढलेला असतो. विजेच्या ड्रिलने पाडलेल्या छिद्रांची खोली आणि व्यास कमालीचे एकसारखे असतात. हाताच्या टोचणीत थोडा फरक राहतोच. ठिपक्यांत साठलेला मळ आणि रंगाचा चोथा पाहा. टवटवीत, ओलसर वाटणारा रंग असेल तर विक्रेत्याला स्पष्ट प्रश्न विचारा.

कारागीर ओळखण्याचीही एक पद्धत आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रिस्टीन आणि डेव्हिड स्प्रिंगेट यांनी कातकामाची ढब, डोक्याचा आणि शेपटाचा आकार आणि अक्षरांचे वळण यांवरून एकोणिसाव्या शतकातल्या अनेक कारागिरांच्या बॉबिन वेगळ्या काढल्या. डीन्सशँगर गावचे जेसी कॉम्प्टन आणि त्यांचा मुलगा जेम्स, क्रॅनफील्डचे ‘बॉबिन ब्राउन’, बेडफर्डशायरमधील हॅस्किन्स कुटुंबीय ही नावे यांतूनच संग्राहकांच्या तोंडी रुळली. परंतु कारागीर ठरवण्याची घाई करू नका. संग्रहालयातले खात्रीचे नमुने डोळ्यांखालून घातल्याशिवाय ‘कॉम्प्टन’ असे लेबल लावणे म्हणजे केवळ अंदाज. ओल्नी येथील कूपर अँड न्यूटन संग्रहालय, बेडफर्डचे हिगिन्स संग्रहालय आणि हॉनिटनचे ऑलहॅलोज संग्रहालय यांतल्या लेसच्या दालनांत शांतपणे वेळ घालवा. शक्यतो पहिल्या मोठ्या खरेदीच्या आधी.

९. खरेदी आणि कायदा

लेसच्या मेळाव्यांत, पुरातन वस्तूंच्या जत्रांत, छोट्या लिलावगृहांत आणि ऑनलाइन बॉबिन मिळतात. सुरुवात मेळाव्यांपासून करावी, कारण तिथे वस्तू हातात घेता येते आणि जुन्या विणकर बायका मोकळेपणाने शिकवतात. ऑनलाइन घेताना डोके, मान, शेपटाचे छिद्र आणि अक्षरे यांचे जवळून काढलेले वेगवेगळे फोटो मागा. फोटो देण्यास टाळाटाळ झाली तर ती वस्तू सोडून द्या. एकत्र विकल्या जाणाऱ्या ढिगात बरेचदा जुन्या, नव्या आणि दुरुस्त केलेल्या बॉबिन मिसळलेल्या असतात. ढिगाची किंमत त्यातल्या खात्रीच्या बॉबिन मोजूनच ठरवावी.

कायद्याची बाजू हलकी घेऊ नका. ब्रिटनमध्ये २०१८ चा हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून अमलात आहे आणि काही ठरावीक सवलती वगळता हस्तिदंताच्या वस्तूंची खरेदी-विक्री त्याने बंद केली आहे. १९४७ पूर्वीच्या वस्तूला सवलत मिळते ती तिच्यात हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी असेल तर, आणि तीही नोंदणी करून. अख्खी हस्तिदंती बॉबिन त्यात बसत नाही. भारतातही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे. तेव्हा ‘हस्तिदंती’ असे वर्णन असलेली वस्तू पार्सलने भारतात मागवू नका. ती हाडाची आहे असे तुम्हाला वाटत असले तरी कागदावर हस्तिदंत लिहिलेले असणे त्रासाचे ठरू शकते. विक्रेत्याकडून साहित्याचे वर्णन ‘गुरांचे हाड’ असे पावतीवर दुरुस्त करून घ्या.

भारतात परतणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू भारताबाहेर नेण्यावर १९७२ च्याच पुरातन वस्तूंविषयीच्या कायद्याने कडक निर्बंध आहेत. संग्रह भारतात आणून पुढे पुन्हा परदेशी न्यायचा विचार असेल, तर तो बाहेरून आणल्याचे पुरावे, पावत्या आणि सीमाशुल्काची कागदपत्रे हवीतच. आणण्यापूर्वीच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करणे उत्तम.

१०. नोंद ठेवा आणि जपा

प्रत्येक बॉबिनला क्रमांक द्या, पण तो बॉबिनवर लिहू नका. सुती दोऱ्याने छोटी चिठ्ठी बांधा. नोंदवहीत लांबी, वजन, साहित्य, घडणीचा प्रकार, प्रत्येक मण्याचे वर्णन, मजकूर जसा आहे तसा, स्पेलिंगच्या चुकांसह, आणि झिजेच्या खुणा लिहा. ‘मला वाटते’ आणि ‘दिसते’ यांसाठी वेगळे रकाने ठेवले तर पुढे मत बदलले तरी मूळ निरीक्षण शाबूत राहते.

स्वच्छ करताना पाणी वापरू नका. हाडातला जुना रंग पाण्याने उतरतो आणि लाकूड फुगते. ब्लीचने तर ती मधाळ झाक कायमची जाते. मऊ ब्रशने धूळ झाडणे एवढेच पुरे. प्यूटरच्या जुन्या मिश्रणात शिसे असू शकते, म्हणून ते हाताळल्यावर हात धुवावेत. पितळी तारेचा हिरवा गंज हाडावर डाग पाडतो, त्यामुळे स्पँगल दांड्याला टेकून राहणार नाही अशा रीतीने, आम्लविरहित कागदात, उथळ खणात बॉबिन आडव्या ठेवा. रबरबँड लावू नका; त्याच्यातल्या गंधकाने धातू काळा पडतो. लाकडी बॉबिन नव्याने आली की किडीची भोके आणि ताजा भुसा आहे का ते पाहा, आणि शंका असेल तर ती इतरांपासून वेगळी ठेवा.

मुंबई, कोकण आणि गोवा इथल्या पावसाळ्यात खास काळजी लागते. दमट हवेत हाडावर बुरशी येते आणि धातू लवकर गंजतो. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या नियमाने वाळवून परत घाला, आणि उघडीप मिळेल तेव्हा डबे उघडून पाहत जा. डांबराच्या गोळ्या मात्र टाळा. खण बाहेरच्या भिंतीला लागून असू नये, कारण ओल आधी तिथेच उतरते.